बरोबरचं चिन्ह

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी ही बाई कोड लिहायला शिकली, ती निव्वळ रागातून. दुकानातल्या संगणकाने एकदा भिंगांचे नंबर उलटसुलट छापायला सुरुवात केली. डाव्या डोळ्याचा उजव्याला, उजव्याचा डाव्याला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत चार ओळी बडवल्या आणि यंत्र सुतासारखं सरळ झालं. हिने सहज विचारलं, "काय लिहिलंत हो हे?" तो वायर गुंडाळत म्हणाला, "सोडा हो ताई, तुम्हाला नाही कळायचं."

झालं! त्याच आठवड्यात तिने वाचनालयातून विटेएवढं जाड पुस्तक आणलं. पहिली चाळीस पानं डोक्यावरून गेली. तिने ती पुन्हा वाचली, मग पुन्हा. शिकवायला कोणी नव्हतं आणि विचारायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. वर्षभरात तिचे छोटे छोटे प्रोग्रॅम चालायला लागले, आणि मग तिला ती वेबसाइट सापडली. रोज सकाळी नऊ वाजता प्रोग्रॅमिंगचं एक कोडं. उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल फुली. तेव्हापासून तिने एक दिवस सोडला नव्हता. तापात सोडला नव्हता, दाढ काढली त्या दिवशीही सोडला नव्हता.

घरात तिला सूनबाई म्हणत. म्हणजे खरं तर तिचे सासरे, नाना, एकटेच म्हणत. पण त्यांच्या तोंडी ते इतकं बसलं होतं की शेजारीपाजारी आणि चेष्टेत नवराही तेच म्हणायला लागला. आपणही तेच म्हणू.

नाना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं तंत्रज्ञ होते. रिले, स्विच, तारांची जंगलं, यातच त्यांचा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला आणि पाठोपाठ नाना खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाच आठवड्यांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावलाय. त्यांना कितपत समजतं, हे सांगणं कठीण आहे." त्या 'कठीण'चं घरात हळूहळू 'काही समजत नाही' कधी झालं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

नवरा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. सकाळी साडेसातला तो नानांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचा, तोंड धुवून द्यायचा आणि हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडायचा. साडेदहाला दिवसभराची मदतनीस यायची आणि सूनबाई दुकानाला जायची. मधला वेळ ती आणि नाना. सूनबाईला कोडं सोडवताना पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं बोलायची खोड होती. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून तिने नानांची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी, आपल्या उजव्या हाताला लावून घेतली होती. त्यांचा चालता डावा हात टेबलावर, लॅपटॉपच्या कडेशी पडलेला असे. "हं, नाना, आता बघा, ही यादी लहानाकडून मोठ्याकडे लावली. आता एकेक उचलायचा. बरोबर ना?" असं तिचं चालायचं. उत्तराची अपेक्षा नसायची. नाना खिडकीबाहेर बघत असायचे.

त्या महिन्यात घरातलं वातावरण जड होतं. मदतनीस बाईने काम सोडत असल्याचं सांगितलं होतं. "मुक्या माणसाजवळ बसून बसून मीच मुकी व्हायला लागले," असं तिचं म्हणणं. दुसरी कोणी मिळेना. शेवटी नवऱ्याने एका शुश्रूषा केंद्राचा फॉर्म आणला. एक तारखेपासून खाट मिळणार होती. फॉर्म भरून, सही होऊन टेबलावरच्या टोपलीत पडला होता.

अशातल्या एका मंगळवारचं कोडं वाहनतळाचं होतं. गाड्या किती वाजता येतात आणि किती वाजता जातात त्याच्या वेळा दिलेल्या, एका वेळी जास्तीत जास्त किती गाड्या उभ्या असतील ते काढायचं. सूनबाईने अर्ध्या तासात प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या दोन चाचण्या पार पडल्या, तिसरीला लाल फुली. उत्तर सात हवं होतं, हिचं आठ येत होतं.

"एक गाडी जास्तीची कुठून येतेय, नाना? भूत आहे की काय तळावर?" ती पुटपुटली. ज्या ओळीत जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ यांची तुलना होती, तिथलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह तिने उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. फुली लालच. कर्सर तिथेच लुकलुकत राहिला. इतक्यात स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली, म्हणून ती उठली.

चहा घेऊन ती परत आली. एक कप स्वतःचा, एक नानांचा तोटीचा. बसता बसता तिने सवयीने प्रोग्रॅम चालवायचं बटण दाबलं.

हिरवी खूण.

सूनबाईचा कप हवेतच राहिला. काही बदललं नव्हतं आणि उत्तर बदललं होतं. असं होत नाही. ती एकेक ओळ वर सरकत पाहू लागली आणि तुलनेच्या ओळीवर थबकली. 'पेक्षा लहान'च्या पुढे बरोबरचं चिन्ह होतं. लहान किंवा बरोबर. एक गाडी दहाला निघाली आणि दुसरी दहालाच आली, तर आधी निघणारी मोजायची. म्हणजे जागा एकच लागते. चूक तीच होती, नेमकी तीच. आणि ते चिन्ह तिने टाइप केलेलं नव्हतं.

तिने उजवीकडे पाहिलं. नानांचा हात नेहमीच्या जागी होता, कीबोर्डच्या त्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर. नाना खिडकीबाहेर बघत होते.

"नाना?" ती म्हणाली. "तुम्ही केलंत?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांची नजर तोटीच्या कपाकडे गेली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. "अगं, हात लागला असेल. कीबोर्ड शेजारीच असतो की त्यांच्या."

"सगळ्या कीबोर्डमधलं तेच एक बटण?"

"लागलं नशिबाने. तुझी लॉटरी." आणि तो आंघोळीला गेला.

त्याचंही चूक म्हणता येईना. पण सूनबाईला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम एक ढोबळ चूक करून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. परत आली तर चूक जशीच्या तशी. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. शुक्रवारी तर नानांनी चक्क जांभई दिली. तिला स्वतःचीच लाज वाटली. आजारी माणसाला मी परीक्षेला बसवतेय, हे काय वेड, असं म्हणून तिने तो नाद सोडला.

शनिवारी कोडं खरंच अवघड होतं. फरशांच्या जाळीवर चालणारा यंत्रमानव, त्याची वळणं आणि त्याने ओलांडलेल्या फरशा मोजायच्या. सूनबाईचे मोजणीचे आकडे प्रत्येक वेळी एकच येत होते. पाच फरशा चालला तरी एक, पन्नास चालला तरी एक. तिच्या नाकी नऊ आले. सव्वादहा वाजले. मदतनीस येण्याची वेळ झाली होती.

टक्. टक्. टक्.

नानांचं नख टेबलावर वाजत होतं.

"काय हवं, नाना? बाथरूमला जायचंय?"

टक्. टक्.

"पाणी?"

नानांनी हात उचलला. तो हवेत थरथरत, वाट काढत पुढे आला आणि तर्जनी पडद्यावर टेकली, अकराव्या ओळीवर. ती मोजणी शून्य करणारी ओळ होती. मग ते बोट सावकाश वर सरकलं, फेरे घेणाऱ्या लूपच्याही वर, आणि तिथे थांबलं.

सूनबाईने ती ओळ वाचली. मोजणी शून्य करायची ओळ तिने लूपच्या आत लिहिली होती. प्रत्येक पावलाला ती आधीचं मोजलेलं पुसत होती. तिने ओळ उचलून वर ठेवली. हिरवी खूण आली, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती नानांकडे बघत होती. त्यांनी हात परत टेबलावर ठेवला होता, कपाळावर घाम आला होता, आणि एवढंसं काम करून ते मैलभर चालून आल्यासारखे धापा टाकत होते.

"नाना," ती म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल क्षणभर. पण त्याच्या पाठोपाठ तिला आठवायला लागलं.

ह्याच टेबलावर बसून तिने दोन महिन्यांपूर्वी ताईला, तिच्या मोठ्या बहिणीला, फोन केला होता. "नाना आता राहिलेत कुठे गं? खुर्चीत नुसतं शरीर बसवून ठेवलंय," असं ती म्हणाली होती. नाना तेव्हा होते तिथेच होते, दोन हातांवर. ह्याच टेबलावर नवऱ्याने तो फॉर्म मोठ्यानं वाचला होता. "रुग्ण संवाद साधू शकतो का? हो किंवा नाही." आणि सूनबाईने पेन उघडून, क्षणाचाही विचार न करता, 'नाही' लिहिलं होतं. हे नुसतं आठवलेलं. न आठवणारं किती असेल! दोन वर्षांत त्यांच्या डोक्यावरून काय काय बोललो आपण! त्यांच्या कपड्यांबद्दल, वासाबद्दल, त्यांच्यामुळे न झालेल्या प्रवासांबद्दल.

दारावरची घंटा वाजली. मदतनीस आली होती. सूनबाई कशीबशी उठली आणि दुकानाला गेली. त्या दिवशी तिने एका गृहस्थांना वीस मिनिटं एकच फ्रेम पुन्हा पुन्हा घालून दाखवली. शेवटी ते बिचारे म्हणाले, "ताई, हीच छान आहे. द्या हीच."

रविवारी नवरा घरी होता. तिने त्याला टेबलाशी बसवून सगळं सांगितलं. मग लॅपटॉप उघडला, कोडं काढलं, मोठमोठ्यानं बोलत सोडवायला घेतलं. दोनदा अडकली. नानांनी बोट हलवलं नाही. त्यांचे डोळे मिटत होते.

"बघ," नवरा हळूच म्हणाला. "तुला वाटतंय असं. तुझी इच्छा आहे म्हणून वाटतंय."

"इच्छा? मला तर वाटतंय की हे खोटं असतं तर बरं झालं असतं!"

तो दचकला. "म्हणजे?"

"म्हणजे आपण काय काय बोललो ते आठव."

त्याने आठवलं असावं. त्याचा चेहरा उतरला. आजारपणाच्या पहिल्या हिवाळ्यात, नानांना न्यूमोनिया झाला तेव्हा, "वस्तरा पडला त्या दिवशीच सुटले असते तर बरं होतं," असं तो बोलून गेला होता. त्यांच्या उशाशी उभा राहून. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही.

तो चिडून उठला. आपली कामाची वही आणली आणि नानांसमोर जवळजवळ आपटली. एका शीतगृहाचं मशीन तीन दिवस त्याचा जीव खात होतं. चालू होऊन दहा मिनिटांत बंद पडायचं. त्याच्या वायरिंगचं चित्र त्याने वहीत काढलं होतं. "सांगा, नाना," तो म्हणाला. आवाज चढलेला होता. "कुठे चुकतोय मी? सांगा ना!"

नानांचे डोळे उघडले. त्यांनी वहीकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे गेला असेल. मग डावा हात उठला आणि बोट कागदावर फिरायला लागलं. पुरवठ्यापासून निघून तारेतारेने, एकही वळण न गाळता, ते वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या एका रिलेच्या संपर्कापाशी आलं आणि तिथे दाबून बसलं.

नवरा त्या बोटाकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

"तिथे आहे का बिघाड?" सूनबाईने विचारलं.

"नाही."

"मग?"

"तिथे बिघाड नाहीये. मी बघितलंय." तो वहीवर वाकला. "मी सगळ्यात आधी तिथंच बघितलं होतं. आधी हा संपर्क तपासायचा, मगच पुढे जायचं. मी सतरा वर्षांचा असताना ह्यांनीच शिकवलंय मला. दुसरं कोणी असं करत नाही, सगळे हसतात मला."

एवढा धिप्पाड माणूस, त्याने वहीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. नानांचं बोट अजून कागदावरच होतं. ते तिथून उचललं गेलं आणि मुलाच्या केसांना लागलं. मुद्दाम की सहज, सूनबाईला सांगता यायचं नाही.

सोमवारी सकाळी नवऱ्याने शुश्रूषा केंद्राला फोन करून खाट दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगितलं. मग दुसरा फोन त्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना, ज्या सुरुवातीला सहा आठवडे येत होत्या आणि 'काही उपयोग नाही' म्हणून ज्यांना ह्यांनीच बंद केलं होतं. त्या आल्या, दोन तास बसल्या. चित्रं, आकडे, ठोकळे, सगळं करून पाहिलं.

"लांब वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचता पोहोचता तुटतं," त्या म्हणाल्या. "शब्द सापडत नाहीत, लिहिलेलं वाचताही फारसं येत नाही. पण हे झालं तर ते करायचं, आधी हे मग ते, हा जो विचार आहे तो त्यांचा जागेवर आहे. भाषा गेली म्हणजे माणूस गेला, असं नसतं."

"पण प्रोग्रॅम कसा कळतो त्यांना?" नवऱ्याने विचारलं. "नानांनी जन्मात लॅपटॉपला हात लावला नव्हता."

बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. "तुम्ही शिकवलंत ना? दोन वर्षं, रोज दीड तास, एकेक पायरी सावकाश बोलून, पडद्यावर बोट ठेवून. आम्ही आठवड्यातून दोनदा येतो, आणि आमचा तास पाऊण तासाचा असतो."

 सूनबाईने कोणाला शिकवलं नव्हतं. ती तर भिंतीशी बोलण्याऐवजी त्यांच्याशी बोलत होती. तिने बाईंना दारापर्यंत सोडलं आणि जिन्यात गाठून खालच्या आवाजात विचारलं, "आम्ही त्यांच्यासमोर जे बोललो... ते त्यांना किती कळलं असेल?"

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "काही तुटून गेलं असेल. काही पोहोचलंही असेल. तुम्हाला गोड वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सूनबाईने लॅपटॉप उघडला नाही. तिने खुर्ची वळवली आणि नानांच्या समोर बसली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे लहान लहान वाक्यं तिने घोकून ठेवली होती.

"नाना. मी चुकले. मी वाईट बोलले. तुमच्यासमोर बोलले. मला माफ करा."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला तो कुठल्याच शब्दाचा नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग वैतागून मान झटकली. डावा हात लांबवून त्यांनी बंद लॅपटॉप तिच्याकडे ढकलला. टेबलाच्या कडेवरून तो पडता पडता तिने झेलला. माफ केलं की विषय बंद केला, की दोन्ही नाही आणि नुसतं कोडं हवं होतं, ते नाना जाणोत. ती रडत रडत हसली आणि कामाला लागली.

दिवस असेच गेले. मदतनीस ठरल्याप्रमाणे निघून गेली. शेजारच्या इमारतीतल्या एक निवृत्त परिचारिका साडेदहापासून दुपारपर्यंत यायला तयार झाल्या आणि नवऱ्याने दुपारनंतरची कामं घेणं बंद केलं. घराची ओढाताण व्हायचीच. नाना काही रोज बोट दाखवत नसत. आठवड्यातून एखादं, कधी तेही नाही. तिने मुद्दाम केलेल्या चुकीला मात्र त्यांनी कधीही बोट लावलं नाही.

मग एका बुधवारी तिने एक सोपं कोडं वीस मिनिटांत सोडवलं. रांगेतल्या माणसांच्या नोंदींवरून सर्वांत जास्त थांबलेला माणूस शोधायचा. हिरवी खूण आली. ती लॅपटॉप मिटणार, तोच नानांचं बोट पडद्यावर आलं, पहिल्याच ओळीवर.

"नाना, झालं की! बघा, बरोबर आलंय."

बोट तिथेच.

"उशीर होतोय मला. हिरवी खूण दिसतेय ना?"

बोट हलेना. तिने हळूच त्यांचा हात बाजूला केला आणि निघाली. बसमध्ये मात्र ती पहिली ओळ तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागली. रांगेतला पहिला माणूस घ्या, असं त्या ओळीत म्हटलं होतं. आणि रांगेत कोणीच नसेल तर? ज्या तारेवर कोणाचाच फोन आलेला नाही, अशा तारेचा विचार एक्स्चेंजमधला माणूस आधी करतो. दुकानात पोचताच तिने वेबसाइटच्या लोकांना पत्र लिहिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते तिने तीनदा वाचलं. रिकाम्या रांगेची चाचणी घालायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. आता ती घातल्यावर बरोबर ठरलेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून जास्त उत्तरं कोसळली होती, आणि त्यात त्यांचं स्वतःचं, जाणकारांकडून तपासून घेतलेलं उत्तरही होतं. ही चूक कोणी शोधली ते कळवा, कोड्याखाली नाव देऊ, असं शेवटी लिहिलं होतं. सूनबाईने नानांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ. लिहिताना तिला जाणवलं, दोन वर्षं हे नाव फक्त औषधांच्या कागदांवर येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्या कोड्याचं पान नानांसमोर उघडलं आणि नावाखाली बोट धरलं. वाचता येत नव्हतं तरी आपल्या नावाचा आकार त्यांना ओळखू आला असावा. त्यांनी भुवया इतक्या वर चढवल्या की कपाळावर सुरकुत्यांची जाळी उमटली. ते नावाकडे बघायचे, मग तिच्याकडे, पुन्हा नावाकडे. नवरा त्या दिवशी मुद्दाम थांबून मागे उभा होता, हातात हत्यारांची पेटी तशीच. "नाना, तुम्हीच," तो म्हणाला. "तुमचंच नाव."

नानांनी सावकाश श्वास सोडला. मग नखाने टेबलावर दोनदा टकटक केलं. नऊ वाजून गेले होते.

सूनबाईने त्या दिवशीचं कोडं काढलं. पाण्याच्या टाक्या आणि त्यांना जोडणारे नळ, असं काहीतरी भयंकर गुंतागुंतीचं होतं. दोघांनी दीड तास झुंज दिली. साडेदहा वाजले, परिचारिका आल्या, तरी लाल फुली हटली नाही. शेवटी सूनबाईने हात टेकले, पर्स उचलली आणि बस गाठायला पळत सुटली. नाना खिडकीकडे न बघता पडद्याकडे बघत बसले होते.